बंदीचे ६१ दिवस : होडीची मरम्मत, घराची काळजी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मोहल्ल्याचा आवाज बदलतो. एरवी फजरच्या सुमारास खाडीतून मशीनांची घरघर ऐकू येते. ती थांबते आणि तिच्या जागी ओंडक्यांवरून होड्या वर ओढणाऱ्यांच्या आरोळ्या सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला. बाहेरच्या माणसाला वाटते, मच्छीमारांना दोन महिन्यांची सुट्टी मिळाली. पण रत्नागिरीकडे मिरकरवाडा, राजीवड्यासारख्या वस्त्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना विचारा. वर्षभर समुद्रावर जाणारा माणूस सुखरूप घरी येणार की नाही, हे पुष्कळदा याच दोन महिन्यांत ठरते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. आमच्याच घरात घडलेल्या प्रसंगाने शिकवले.

माझ्या चाचांची छोटी फायबरची होडी होती. मागे बसवायचे आउटबोर्ड मशीन होते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या पावसाळ्यात घरात पैशांची ओढाताण होती. चुलतबहिणीच्या लग्नाचे देणे बाकी, धाकट्याचे कॉलेजचे ॲडमिशन, त्यात दोन महिने कमाई शून्य. तरी जुलैअखेरीस चाचांनी होडीला झकास हिरवा-पांढरा रंग काढला आणि नाव नव्याने लिहून घेतले. मशीन मात्र जसे मे महिन्यात उतरवले तसेच पडवीत उभे होते. "चालत होतं की, आता काय होणार आहे त्याला?" असे ते म्हणाले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चाचा आणि माझा चुलतभाऊ खाडीच्या तोंडाबाहेर गेले. परतताना मशीन तापले, धूर आला आणि पिस्टन जाम झाला. नव्या रंगाच्या भरात वल्ही घरीच राहिली होती. वारा वाढला. नांगर टाकून दोघे रात्रभर लाटांवर बसून राहिले. नांगराचा दोर टिकला, ही अल्लाहची मेहरबानी. इकडे चाची रात्रभर धक्क्यावर उभी होती. सकाळी शेजारच्या गावची एक होडी त्यांना ओढून घेऊन आली.

मेकॅनिकने मशीन उघडले, तेव्हा आतून रबराच्या पाकळ्यांचा एक छोटा पंखा निघाला. त्याला इम्पेलर म्हणतात. समुद्राचे पाणी वर खेचून मशीन थंड ठेवणे हे त्याचे काम. त्याच्या तीन पाकळ्या तुटलेल्या होत्या आणि त्यांचे तुकडे पाण्याच्या वाटेत अडकले होते. इम्पेलर काही शे रुपयांचा. मशीनची मरम्मत मात्र हजारोंत गेली.

यात माझीही एक चूक होती. मशीनबरोबर आलेली माहिती-पुस्तिका कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती. इम्पेलर केव्हा तपासावा, केव्हा बदलावा, सगळे तीत लिहिले होते. पण ती इंग्रजीत. चाचांना फक्त उर्दू वाचता येते. शेजारच्या घरात बी.एड. झालेली पुतणी राहत होती. तिला ती पुस्तिका वाचून दाखव असे कुणी म्हटले नाही आणि तिनेही कधी विचारले नाही. त्या सप्टेंबरात मी पुस्तिका घेऊन बसले, मेकॅनिकला शंका विचारल्या आणि मुलांसाठी मराठीत, चाचांसाठी उर्दूत एक यादी लिहून काढली. पुढच्या माहितीचा बराचसा भाग त्या यादीतला आहे.

पहिले काम : मशीन

होडी वर आली की रंगाचा डबा उघडण्याआधी मशीनकडे वळावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. मशीनच्या आतल्या नळ्यांत राहिलेले पाणी सुकले की मीठ तिथेच धरते, वाट अरुंद होते आणि धातू खाल्ला जातो. म्हणून मोठ्या पिंपात गोडे पाणी भरून, मशीनचा खालचा भाग त्यात बुडवून, दहाएक मिनिटे मशीन चालवावे. हे काम उघड्यावरच करावे. बंद पडवीत धुराचा विषारी वायू साचून जीव जाऊ शकतो. पाण्याबाहेर मशीन चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. कोरडा इम्पेलर काही क्षणांतच खराब होतो.

मशीन धुतल्यावर टाकीतले आणि कार्बोरेटरमधले इंधन काढून टाकावे. दोन महिने तसेच राहिले तर त्याचा चिकट थर बसतो आणि ऑगस्टमध्ये मशीन सुरूच होत नाही. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे आणि दोरी चार-पाच वेळा हळू ओढावी, म्हणजे तेल आत सगळीकडे लागते.

खालच्या गिअरचे तेल एका भांड्यात काढून नीट पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, म्हणजे सील गेले आहे. हे बऱ्याचदा पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेल्या जाळ्याच्या धाग्यामुळे होते. धागा सील कापत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पंखा काढून दांडा तपासावाच. तिथेच जवळ झिंकचा एक तुकडा बसवलेला असतो. खारे पाणी मशीनच्या धातूऐवजी आधी त्याला खाते. तो निम्मा झिजला की बदलावा आणि त्याला कधीही रंग लावू नये. रंग लावला की त्याचे काम थांबते.

इम्पेलरची प्रत्येक पाकळी वाकवून पाहावी. भेग दिसली, रबर कडक झाले किंवा पाकळ्या एकाच बाजूला वाकून राहिल्या असतील, तर नवा घालावा. शेवटी मशीन उभे ठेवावे, म्हणजे उरलेले पाणी निथळून जाते. इंधनाचे डबे चुलीपासून, देवडीतल्या दिव्यापासून आणि मुलांच्या हातापासून लांब असावेत.

दुसरे काम : होडीचे अंग

फायबरच्या होडीचे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकावे. ओल्या पृष्ठभागावर रेझिन धरत नाही आणि दमट हवेत नीट सुकत नाही. आधी तळावरचे शिंपले खरवडावेत, होडी गोड्या पाण्याने धुवावी आणि चांगली वाळू द्यावी. मग लहान हातोडीने सगळीकडे हलके ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज टणक येतो. थर सुटलेल्या जागी तो पोकळ येतो. माझा चुलतभाऊ अशा जागांवर खडूने गोल करतो. तेवढा भाग घासून, आतले कोरडे पक्के फायबर लागेपर्यंत खाली जावे. मग मॅट आणि रेझिनचे थर द्यावेत. वरून नुसती लांबी भरून रंग मारला तर भेग झाकली जाते, भरत नाही.

इथे एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. रेझिनबरोबर हार्डनर आणि एक्सिलरेटर अशा दोन बाटल्या येतात. त्या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. एक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच हार्डनर टाकावा. हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते. हातमोजे आणि चष्मा घालावा. या बाटल्या सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून ठेवण्याची सवय तर आजच सोडावी.

लाकडी होडीचे काम वेगळे. टोचा घेऊन तळाचा कणा, म्हणजे पठाण, आणि फळ्यांचे सांधे टोचून पाहावेत. टोचा सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे किंवा समुद्री किड्यांनी पोखरले आहे. खिळ्याभोवती गंजाचा ओघळ दिसला तर खिळा आतून संपत आला आहे असे समजावे. सांध्यातला जुना कापूस पूर्ण काढून तेलात भिजवलेला नवा ठोकावा. त्यावर राळ आणि तेल कढवून केलेला लेप लावावा. आमचे आजोबा तळाला मुशीच्या यकृताचे तेल चोपडत. महिनाभर आळीत त्याचा वास राही. पण त्या तेलाने लाकूड टिकत असे.

काम झाल्यावर होडी सपाट ओंडक्यांवर, वजन सगळीकडे सारखे पडेल अशी ठेवावी. तळाचे बूच काढून ठेवावे, नाहीतर पावसाचे पाणी साचून वजनानेच सांधे उघडतात. वर झावळ्यांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालावे, पण बाजूंनी वारा खेळता राहू द्यावा. काढलेले बूच मात्र घरात ठरलेल्या खिळ्याला टांगावे. ते विसरून होडी पाण्यात लोटणारे दर वर्षी कोणीतरी असतेच.

तिसरे काम : जीव वाचवणारे सामान

लाइफ जॅकेटचे पट्टे जोरात ओढून पाहावेत. उन्हाने कुजलेली शिवण हाताने उसवते. नांगराचा दोर पूर्ण उलगडून बोटांनी तपासावा. दोन वल्ही, टॉर्च, शिट्टी, जादा प्लग, प्लगचा पाना, मशीनची जादा दोरी आणि पाण्याचा कॅन एका पेटीत बांधून ठेवावे. ही पेटी चढल्याशिवाय होडी हलणार नाही, असा नियम घरातल्या बायकांनीच करावा. समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि १ ऑगस्टला बंदी उठली म्हणजे समुद्र शांत झाला असे नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर आणखी दोन दिवस थांबावे.

पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न खरा आहे. बंदीच्या काळात शाळेची पुस्तके, किराणा आणि व्यापाऱ्याची उचल यांतच माणूस पिचतो. मरम्मतीला पैसे उरत नाहीत, आणि जे उरतात ते रंगावर जातात, कारण रंग चारचौघांत दिसतो. त्या रात्रीनंतर आमच्या चाचीने एक डबा ठेवला. ऑगस्ट ते मे, विक्री होईल त्या प्रत्येक दिवशी थोडी रक्कम त्यात पडते. कमी मासळीच्या दिवशी कमी, पण पडते. डबा मे महिन्यातच उघडतो, आणि लग्नासाठीही त्यातून उसने मिळत नाही. खर्चाचा क्रमही तिनेच ठरवून दिला. आधी जे माणसाला घरी आणते ते, म्हणजे मशीन, सील, दोर, जॅकेट. मग जे मासळी आणते ते, म्हणजे जाळी. शेवटी जे शोभा आणते ते, म्हणजे रंग.

मी वर्गात मुलांना सांगते, 'नाखवा' हा आपला मराठी शब्द फारसी-उर्दूतल्या 'नाखुदा'वरून आला, म्हणजे नावेचा धनी. धनी होणे म्हणजे केवळ मालकी नव्हे. होडीत बसणारा प्रत्येक जीव त्याच्याकडे अमानत असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात होडी असेल तर या जूनमध्ये कपाटातली ती पुस्तिका बाहेर काढा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला ती वाचायला बसवा आणि अब्बांना, चाचांना कळेल अशा भाषेत यादी लिहायला सांगा. एका संध्याकाळचे काम आहे.

चाचा आता समुद्रावर जात नाहीत, होडी चुलतभाऊ चालवतो. तो तुटलेला इम्पेलर मात्र पडवीच्या भिंतीला अजून टांगलेला आहे. दर ऑगस्टला पहिल्या दिवशी मशीन सुरू झाले की मागून गार पाण्याची बारीक धार पडते. मशीनला पाणी पोचते आहे याची ती खूण. चाचा धक्क्यावरून वाकून ती धार पाहतात आणि मगच "जा, अल्लाह निगेहबान" म्हणतात.