गाडी जमते, चाक अडतं

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत नेला नाही असा गोंदियाकर विरळाच. त्या बैलाच्या पाटाखाली चार चाकं असायची. एखादं डुगडुगायचं, एखादं जरा मोठं असायचं, आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. खेळण्यात ते चालतं. स्केल मॉडेलमध्ये नाही चालत.

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान केलेलं. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीचे २४ मिलिमीटर, मॉडेलचा १. दुकानात मिळणाऱ्या छोट्या गाड्या साधारण १:६४ च्या असतात, आणि बहुतेक परदेशी. हव्या तेवढ्या फेरारी घ्या. पण तालुक्याच्या गावाला दाटीवाटीनं नेणारी काळी-पिवळी जीप? बाबांची पहिली मारुती ८००, तीही नेमक्या त्याच मॉडेलची? आपल्या रस्त्यावरची गाडी हवी असेल तर बहुतेक वेळा ती स्वतःच करावी लागते. बॉडी जमते. प्लास्टिक शीट, पुठ्ठा, पुट्टी, पॉलिश पेपर आणि चिकाटी, एवढं पुरतं. अडतं ते चाकापाशी. कारण चाक गोल हवं, आणि एक नाही, चार हवीत. एकसारखी.

आता हिशोब करू. ८०० चा टायर १४५/७० आर १२. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ७० टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. म्हणजे रिम सुमारे ३०५ मिलिमीटर, दोन्हीकडची उंची धरून पूर्ण चाक ५०८. याला २४ नं भागा: चाक २१.२ मिलिमीटर, रुंदी ६, रिम १२.७. रिमची बाहेर दिसणारी कड त्याहून मिलिमीटरभर मोठी, कारण कंपनी सांगते तो व्यास टायर जिथं बसतो तिथला. हे लक्षात घेतलं नाही तर चाक उगाच बारकं दिसतं आणि चूक कुठं झाली ते सापडत नाही.

एवढ्या लहान चाकाला मशीन लागतं ते लेथ. घरच्या टेबलावर मावणारा मिनी लेथ साध्या सिंगल फेज लाइनवर चालतो. १६ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा रॉड चकमध्ये धरायचा, तोंड सपाट करायचं (फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये ‘फेसिंग’ केलं होतं तेच, ज्यांनी तो जॉब मित्राकडून करून घेतला त्यांची नावं घेत नाही). मग मधोमध अॅक्सलचं भोक, समोरची खोलगट वाटी, बाहेरचा व्यास आणि टायर बसायची खाच. शेवटी पार्टिंग टूलनं कापून वेगळं. टूल धारदार हवं, नाहीतर अॅल्युमिनियम टोकाला चिकटतं आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. वेगही बरा हवा: मिनिटाला ६० मीटर कापायचं धरलं तर १६ मिलिमीटरच्या रॉडला सुमारे १२०० फेरे पडतात.

खरी मेख पुढे आहे. भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत करायचे. काम चकमधून काढलं आणि परत लावलं की ते त्याच जागी बसत नाही, केसभर सरकतंच. भोक मध्यापासून ०.१ मिलिमीटर सरकलं तर २४ पटीत ते २.४ मिलिमीटर होतं. एवढं सरकलेलं चाक खऱ्या गाडीला असतं तर तुम्ही गॅरेज गाठलं असतं. मग चाकाची मागची बाजू कशी करायची? त्यासाठी चकमध्येच एक छोटा दांडा टर्न करायचा, भोकात घट्ट बसेल असा. त्यावर एकेक चाक चढवायचं आणि चारही होईपर्यंत तो दांडा चकमधून हलवायचा नाही.

रिमवरची भोकं समान अंतरावर पाडायला डिव्हायडिंग हेड हवं, आणि ते महाग. पण लेथच्या स्पिंडलला ६० दात्यांचा गिअर बसवता आला तर काम होतं. त्याच्या दातात अडकेल अशी खिट्टी करायची. दर १० दातांवर थांबलात तर सहा भोकं, दर १२ वर थांबलात तर पाच. आठ मात्र नाही जमत, कारण साडेसात दात मोजता येत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वात भारी. पाढे एवढ्या कामाला येतील असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

टायरसाठी काळा नायलॉन रॉड लेथवरच टर्न करा आणि पॉलिश पेपरनं त्याची चमक मारा. चमकणारा टायर लांबूनच खोटा दिसतो.

असलं वेड कुठवर जाऊ शकतं ते बघायचं तर पुण्यात कोथरूडला जा. भाऊसाहेब जोशींनी छंदातून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय तिथं १९९८ पासून आहे. तिथं छोट्या गाड्या नुसत्या मांडलेल्या नाहीत, धावतात. धावणारं चाक वाकडं असेल तर झाकता येत नाही.

लेथ घ्यायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. लगेच घेऊच नका. आपला जिल्हा राइस मिलचा. शाफ्ट झिजतात, बुश खराब होतात, म्हणून लेथवाले इथं लागतातच. तिथं बसलेल्या काकांचा हात कित्येक वर्षं घासलेला असतो. चुराचा रंग आणि टूलचा आवाज यावरून ते सांगतात कुठं बिघडतंय. आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा, दहावीनंतर. त्याला ‘काही मिळालं नाही म्हणून घेतला’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. चार चाकं एकसारखी करून बघा, मग बोलू. अशा काकांना चहा पाजून तासभर शेजारी उभं राहायची परवानगी मागा. त्यांचं मशीन मोठं असतं, १४ मिलिमीटरचं काम बघून ते आधी हसतील.

उभं राहताना ओढणी, बांगड्या, अंगठी, हातातला धागा, सगळं काढून ठेवा, केस बांधा, चष्मा लावा. हातमोजे घालू नका; फिरत्या चकमध्ये मोजा अडकला तर हात सोबत जातो. आणि चकची चावी चकमध्ये ठेवून मशीन कधीही चालू करू नका.

सुरुवात ८०० पासून करा, माप वर दिलंच आहे. काळी-पिवळीसाठी स्टँडवर जावं लागेल. टायरच्या बाजूवर साइज छापलेला असतो, तो लिहून आणा. रिमला किती नट आहेत, किती भोकं आहेत ते मोजा, मोबाइलमध्ये समोरून सरळ फोटो घ्या. ड्रायव्हर विचारेल, कशाला पाहिजे? खरं ते सांगा. बहुतेक तो स्वतःच सांगेल, कोणतं चाक बदललेलं आहे ते.