पदवीवरची मोहोर कोणाची?

तंजावर म्हटले की मराठी वाचकास दुसरे सरफोजी राजे आणि त्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच नगरीत १९५५ साली स्थापन झालेले राजा सरफोजी शासकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर मोहोर मात्र उमटते ती तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठाची. गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तर चेन्नईहून येते. शिकविणारा एक आणि पदवी देणारा दुसरा, ही घडी १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठे निघाली तेव्हाचीच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील बाविसाव्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे : कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. तंजावरात हे तिन्ही प्रकार नांदतात. तमिळ विद्यापीठ राज्य शासनाचे, १९८१ चे. तंजावरच्या मोडी कागदपत्रांच्या तमिळ अनुवादाचे काम तेथेच झाले, हे जाता जाता सांगावयास हवे. 'शास्त्र' ही खासगी संस्था २००१ साली अभिमत झाली. अन्नप्रक्रिया तंत्रज्ञान संस्थेची कथा अधिक बोलकी आहे. केंद्राची असूनही ती पूर्वी कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाशी संलग्न होती. २०२१ च्या संसदीय कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला आणि पदवी तिची स्वतःची झाली.

हा भेद केवळ कागदी नव्हे. काही अभिमत संस्थांनी रीतसर मंजुरीवाचून दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुऱ्हाड चालविली; कित्येकांच्या हातची पदवी गेली. अभिमत संस्थांनी नावापुढे 'विद्यापीठ' हा शब्द लावू नये, असेही त्याच निकालात बजावले गेले. संस्था जुनी, इमारत भव्य, एवढ्यावर भुलणाऱ्या पालकांना हे ठाऊक नसते.

शैक्षणिक कर्जाच्या अर्जासोबत प्रवेशपत्र मागितले जाते. पदवी रद्द झाली तरी कर्ज रद्द होत नाही; हप्ते चालूच राहतात. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच तीन गोष्टी विचाराव्यात : पदवीपत्रावर कोणाचे नाव छापले जाणार, त्या अभ्यासक्रमाला संबंधित नियामक परिषदेची मंजुरी कोणत्या वर्षापर्यंत आहे, आणि शिकविण्याचे ठिकाण त्या मंजुरीत नमूद आहे काय. आयोगाकडे मान्य विद्यापीठांची यादी असते, तशी बनावट विद्यापीठांचीही असते. दुसरी यादी आधी पाहावी. ती लहान आहे.