‘नाइस’ म्हणजे छान? एकेकाळी याच शब्दाचा अर्थ होता मूर्ख!

कुणी फोटो टाकला की खाली कॉमेंट येते, ‘नाइस पिक’. नवी गाडी घेतली, ‘नाइस’. घरी केलेल्या पोह्यांचा फोटो टाकला, तरी ‘नाइस’. पण सुमारे ७०० वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुणाला ‘नाइस’ म्हटलं असतं, तर त्याला राग आला असता. कारण तेव्हा या शब्दाचा अर्थ होता मूर्ख!

हा शब्द आला कुठून?

याचं मूळ ‘नेस्कियस’ या लॅटिन शब्दात आहे. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. थोडक्यात, ज्याला काही कळत नाही तो, म्हणजेच अज्ञानी. गंमत म्हणजे ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्किरे’पासून तयार झाला आहे. एकाच मुळातून ज्ञानाचा शब्द निघाला आणि अज्ञानाचाही!

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेत गेला आणि तिथून १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला.

मूर्खाचा छान कसा झाला?

हा बदल हळूहळू झाला. मूर्खनंतर ‘नाइस’चा अर्थ झाला छानछोकीचा, मग नको तितका चोखंदळ. चोखंदळ माणूस बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देतो, म्हणून सोळाव्या शतकात ‘बारकाईचा, अचूक’ हा अर्थ आला. शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तर हा शब्द ‘क्षुल्लक’ या अर्थाने येतो. आज आपण वापरतो तो ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रूढ झाला.

पुढे तो इतका सरसकट वापरला जाऊ लागला की १८१७ च्या अखेरीस प्रकाशित झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत जेन ऑस्टिनने त्याची थट्टा केली. पुस्तक असो की फिरायला जाणं, सगळंच कसं ‘नाइस’, असं म्हणत त्यातला नायक नायिकेला चिडवतो.

‘नाइस’चे आजचे वाक्प्रचार

• नाइस ट्राय: प्रयत्न चांगला होता, पण जमला नाही. अनेकदा ‘मला फसवायला बघत होतास, पण मी फसलो नाही’ असा टोमणाही असतो.
• नाइस अँड हॉट: इथे ‘नाइस’ पुढच्या शब्दावर जोर देतो. चहा ‘नाइस अँड हॉट’ म्हणजे मस्त कडक गरम.
• अ नाइस डिस्टिंक्शन: छान फरक नव्हे, तर अतिशय सूक्ष्म फरक. ‘बारकाईचा’ हा जुना अर्थ इथे अजून जिवंत आहे.
• नो मोर मिस्टर नाइस गाय: आतापर्यंत चांगुलपणाने वागलो, आता नाही.
• नाइस गाईज फिनिश लास्ट: भल्या माणसाच्या वाट्याला शेवटी मागेच राहणं येतं.

मराठीतही असं होतं का?

हो! ‘साहस’ हाच शब्द बघा. आज आपण तो कौतुकाने वापरतो, पण प्राचीन धर्मशास्त्रात बळजबरीने केलेल्या गुन्ह्याला ‘साहस’ म्हणत. आणि ‘मोठा शहाणा आहेस!’ असं कुणी म्हटलं, तर ते कौतुक नाही हे आपल्याला लगेच कळतं.

समोरासमोर बोलताना हे कळतं ते आवाजावरून. कॉमेंटमध्ये मात्र आवाज नसतो. एखाद्याने आपली अडचण सांगितली आणि खाली नुसतं ‘नाइस’ पडलं, तर ते त्याला खोचक वाटू शकतं. दिवंगत आजोबांच्या फोटोखाली ‘नाइस पिक’ लिहिलं, तर घरच्यांना ते लागू शकतं. त्यामुळे अशा वेळी सवयीने ‘नाइस’ टाईप करण्याआधी एक क्षण थांबा आणि मनात आहे ते सरळ मराठीत लिहा. वाचणाऱ्याला ते नक्कीच जास्त जवळचं वाटेल.