अबलख घोड्याला कोणता साज शोभतो?

अंगावर पांढरे आणि गडद असे मोठमोठे चट्टे असलेल्या घोड्याला आपण अबलख म्हणतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत असे घोडे पाहायला मिळतात. ब्रिटनमध्ये त्यांना 'कलर्ड' म्हणतात. काळा-पांढरा असेल तर 'पायबाल्ड', आणि पांढऱ्याबरोबर तांबूस, तपकिरी असा काळ्याखेरीज दुसरा रंग असेल तर 'स्क्यूबाल्ड'. तिकडे घोड्यांची प्रदर्शने भरतात, परीक्षक रिंगणात उभे राहून घोडा पारखतात आणि नंबर काढतात. अशा रिंगणात अबलख घोडा कोणत्या साजात न्यावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

गाडीचा घोडा रिंगणात

वाचकहो, या घोड्याला हा मान सहजासहजी मिळालेला नाही. लष्करी वाद्यवृंदात मोठे नगारे वाहणारा घोडा म्हणून अबलखाला स्थान होते. तेथे स्वाराचे दोन्ही हात नगाऱ्यात गुंतलेले, म्हणून लगाम त्याच्या पायांना जोडलेला असतो. परंतु प्रदर्शनाच्या रिंगणात एकरंगी घोड्यालाच पसंती असे. अबलख म्हणजे जिप्सींच्या गाडीचा घोडा, असे म्हणून नाके मुरडली जात.

हे जिप्सी म्हणजे रोमा लोक. यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून गेले. त्यांच्या बोलीत आजही दोनला 'दुई' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. इंग्लंडमधील ॲपलबी येथे जून महिन्यात त्यांचा मोठा घोडेबाजार भरतो. तेथे ईडन नदीत घोडे धुण्याचा थाट पाहायला गर्दी लोटते. पुढे अबलख घोड्यांच्या मालकांनी आपल्या संस्था काढल्या, स्वतंत्र गट मिळवले. आज बर्मिंगहॅमला ऑक्टोबरात होणाऱ्या 'हॉर्स ऑफ द इयर शो' या नामांकित प्रदर्शनातही अबलखांचे गट आहेत.

आधी जात नव्हे, घडण ओळखा

साज विकत घेण्यापूर्वी आपला घोडा कोणत्या घडणीचा आहे ते ठरवावे लागते. रंग अबलख असला तरी साज ठरतो तो घडणीवरून.

पहिला प्रकार जिप्सींच्या पारंपरिक घोड्याचा, म्हणजे 'ट्रॅडिशनल कॉब'चा. आखूड, भरदार बांधा, लांब आयाळ आणि गुडघ्याखालून खुरांपर्यंत लोंबणारे केस ही याची ओळख. याचे केस कापायचे नाहीत, आयाळ गुंफायची नाही. जसा आहे तसाच, स्वच्छ विंचरून न्यायचा. साज साध्या, जाडसर चामड्याचा.

दुसरा 'शो कॉब'. उंची १४८ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि १५५ पर्यंत. याची आयाळ मुळापासून भादरतात, पायांचे केसही कापतात. पूर्वी शेपूटही छाटत. ती क्रूर प्रथा १९४९ च्या कायद्याने बंद झाली.

तिसरा 'हंटर', म्हणजे शिकारीच्या दौडीचा घोडा. याची आयाळ गुंफतात. नाकपट्टी रुंद व सपाट, कपाळपट्टी साध्या चामड्याची. चौथा नाजूक बांध्याचा 'हॅक' किंवा 'रायडिंग हॉर्स'. त्याच्या कपाळपट्टीला मात्र रंगीत मखमल किंवा फीत चालते. हीच रंगीत पट्टी कॉबला किंवा हंटरला बांधली तर ती चूक धरतात.

मापाला महत्त्व

थोराड डोक्यावर बारीक पट्ट्या घातल्या की डोके आणखीच मोठे दिसते. लांबट तोंडाला रुंद नाकपट्टी शोभते. नाकपट्टीखाली दोन बोटे जावीत. गळ्याखालच्या पट्टीत चार बोटांची जागा राहावी. खोगीर पाठीच्या कण्यावर टेकता कामा नये आणि शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. पुढून ते सरळ कापाचे असावे, म्हणजे खांदा झाकला जात नाही. खोगिराखालचे अस्तर खोगिराच्याच आकाराचे व रंगाचे घ्यावे. पांढरे चौकोनी कापड घालू नये. पाठीला खोगीर टोचत असेल तर घोडा अंग चोरून चालतो आणि परीक्षकाला ते लगेच दिसते. त्याआधी वेदना होते ती त्या मुक्या जनावराला, हे विसरू नये.

हातात धरून दाखवायच्या गटात खोगीर नसते. शिंगराला चामड्याची हलकी मोहरकी पुरते. वयात आलेल्या नराच्या तोंडात मात्र लोखंडी कडी असलेला लगाम हवा, नाहीतर तो आवरत नाही.

पांढऱ्या अंगाची निगा

अबलखाची खरी मेहनत पांढऱ्या भागावर. लिदीचे पिवळे डाग एका धुण्यात जात नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच साबणाने धुवून, वाळवून अंगावर झूल घालावी. लोंबत्या केसांत लाकडाची बारीक भुकटी चोळून झटकली की ते कोरडे व पांढरे होतात. पण त्या केसांखाली चिखलाने फोड येतात, बारीक किडेही होतात. तेव्हा केस बाजूला करून कातडी रोज पाहावी. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, ती उन्हाने भाजते. नाकावर मलम लावावे. आयाळ गुंफताना काळ्या केसांना काळा दोरा, पांढऱ्यांना पांढरा.

माणसाचा पोशाख

स्वाराने ट्वीडचा कोट, टाय, फिकट पिवळसर विजार, हातमोजे आणि हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट घालावे. लहान मुलांच्या बाबतीत हेल्मेटला पर्याय नाही. भडक कपडे नकोत, कारण लोकांचे लक्ष घोड्यावर राहायला हवे.

बेताची मिळकत असलेल्या घरांनी खर्चाला घाबरू नये. जुना साज खुशाल घ्यावा. फक्त बकलाजवळची शिवण, रिकिबीचे पट्टे आणि तंगाच्या वाद्या ओढून, वाकवून पाहाव्यात. भेगा दिसल्या तर फुकटही घेऊ नये, कारण पट्टा तुटला तर स्वार खाली येतो. चामडे थोड्या पाण्याने व साबणाने पुसावे, उन्हात किंवा शेकोटीजवळ वाळवू नये. नव्या महागड्या साजापेक्षा जुना, मापाचा आणि घासून-पुसून लख्ख ठेवलेला साज रिंगणात केव्हाही उजवा ठरतो. घरातील मुलांनी सकाळी उठून केलेला खरारा तर कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही.