धनुष्य-बाणाची खरेदी : आधी माप, मग भाव

आपल्या महाराष्ट्रात तिरंदाजीला चांगले दिवस आले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. त्याआधी २०२१ मध्ये फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकच्या मैदानात उतरला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. साहजिकच गावोगावचे पालक मुला-मुलींना घेऊन दुकानांत चौकशी करू लागले आहेत, आणि काही व्यापारी बंधू हा माल ठेवावा की काय या विचारात आहेत.

आम्ही कापडाचे व्यापारी. धनुष्य विकणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु घरातील व नात्यातील मुले या खेळात पडल्यामुळे हा माल आम्हाला बारकाईने पाहावा लागला. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. कपड्यात माप चुकले तर शिलाई उसवता येते. धनुष्यात माप चुकले तर पैसा जातो आणि मुलाचा खांदाही जातो. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने दुकानात भाव बोलण्यापूर्वी टेप आणि ताणकाटा बाहेर काढावा, हेच आमचे सांगणे आहे.

धनुष्याचे तीन प्रकार

पहिले बांबूचे धनुष्य. इंडियन राउंड नावाच्या देशी स्पर्धा यावर होतात. किंमत कमी, आणि नवशिक्यासाठी चांगले. दुसरे रिकर्व्ह, म्हणजे ज्याच्या पात्यांची टोके पुढे वळलेली असतात ते. ऑलिम्पिकमध्ये आजवर चालत आले ते हेच. त्याचे अंतर ७० मीटर आणि टार्गेटचा कागद १२२ सेंटिमीटर व्यासाचा. तिसरे कंपाउंड. याच्या दोन्ही टोकांना चाके असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी पूर्ण ओढली की बहुतेक वजन ही चाके पेलतात. ५० पौंडांचे धनुष्य ८० टक्के भार उतरवीत असेल, तर नेम धरताना हातावर फक्त १० पौंड राहतात. याचे अंतर ५० मीटर आणि कागद ८० सेंटिमीटरचा.

मूल कोणत्या प्रकारात खेळणार हे त्याच्या प्रशिक्षकाला विचारून ठरवावे. शेजारच्या मुलाने कंपाउंड घेतले म्हणून आपणही घ्यावे, हा हिशेब नव्हे.

तीन मापे

पहिले माप डोळ्याचे. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानसे भोक करावे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो डोळा जोरदार. उजवा असेल तर बहुतेक प्रशिक्षक उजव्या हाताने ओढायचे धनुष्य देतात, डावा असेल तर डाव्या. हे न पाहता घेतलेले धनुष्य पुढे बदलावे लागते.

दुसरे माप ओढीच्या लांबीचे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचांत मोजावे आणि अडीचने भागावे. पसरलेले हात ६३ इंच भरले तर ओढ साधारण २५ इंच. रिकर्व्हमध्ये २६ इंचांपर्यंतच्या ओढीला ६४ ते ६६ इंची धनुष्य, २८ पर्यंत ६६ ते ६८, आणि त्यापुढे ६८ ते ७० इंची धनुष्य सर्वसाधारणपणे चालते. कंपाउंडमध्ये ओढीची लांबी चाकांवरच बसविलेली असते. त्यामुळे दुसऱ्याच्या मापाचे कंपाउंड हे दुसऱ्याच्या पायाच्या बुटासारखे आहे.

तिसरे माप ओढीच्या वजनाचे, आणि बहुतेक पालक फसतात ते इथेच. पात्यांवर जे पौंड लिहिलेले असतात ते २८ इंच ओढीचे असतात. ओढ एक इंच कमी झाली की वजन साधारण दोन पौंडांनी उतरते, एक इंच वाढली की तेवढेच चढते. म्हणजे २४ पौंड लिहिलेले धनुष्य २५ इंच ओढणाऱ्या मुलीच्या हातात सुमारे १८ पौंडांचे होते. दुकानदाराकडे ताणकाटा असेल तर दोरीला अडकवून, त्या मुलीच्या ओढीइतके ओढून वजन पाहावे. प्रवासी बॅगा तोलण्याचा छोटा काटासुद्धा अंदाजापुरता चालतो.

बारा-चौदा वर्षांच्या मुलाला १४ ते १८ पौंड पुष्कळ झाले. मोठ्या माणसानेही २० ते २६ च्या आतच सुरुवात करावी. पारख सोपी आहे. धनुष्य समोर सरळ धरून, हात वर न नेता, मागे न वाकता दोरी ओढता आली पाहिजे आणि काही सेकंद न थरथरता धरता आली पाहिजे. जमत नसेल तर ते धनुष्य जड आहे.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने तेरा वर्षांच्या मुलीसाठी ३४ पौंडांची पाती घेतली. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, त्याच हिशेबाने. पुढील तीन वर्षे पुन्हा खर्च नको, हा विचार. तीन महिन्यांत मुलीचा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि तिचे मन खेळावरून उडाले. विकणाऱ्याने माल परत घेतला नाही. काटा लावून पाहायला पाच मिनिटेही लागली नसती. कापड वाढत्या अंगाचे घेता येते, धनुष्य नाही.

पैसे कोठे घालावेत

रिकर्व्हचे तीन भाग सुटे होतात : मधली मूठ, तिला रायझर म्हणतात, आणि वर-खाली दोन पाती. आंतरराष्ट्रीय मापाच्या जोडणीचा रायझर घेतला तर एका कंपनीची पाती दुसऱ्या कंपनीच्या रायझरवर बसतात. म्हणून रायझर चांगला घ्यावा आणि पहिली पाती स्वस्तातली घ्यावीत. ताकद वाढली की दोन-दोन पौंडांनी चढत जावे. जुनी पाती क्लबमध्येच दुसऱ्या नवशिक्याला विकता येतात. एखाद्या दुकानदाराने पात्यांची अदलाबदल ठेवली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.

जुने कंपाउंड घेताना पात्यांवर चीर, चाकांवर पोचा आणि दोरीचे सुटलेले धागे पाहावेत. कापसाचा बोळा पात्यांवरून हळूच फिरवावा, जेथे तंतू अडकतात तेथे तडा असण्याचा संभव आहे. बाण न लावता दोरी सोडण्याचा प्रकार दुकानात कोणालाही करू देऊ नये. ताणाचा सगळा जोर धनुष्यावरच उलटतो, पाती फुटतात आणि डोळ्यालाही धोका असतो.

बाण तोलून घ्यावेत

धनुष्याइतकेच महत्त्व बाणाला आहे. बाणाच्या नळीवर ५००, ७०० असे आकडे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरील दोन टेकूंवर नळी ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. नळी अर्धा इंच वाकली तर आकडा ५००. आकडा जितका मोठा तितकी नळी मऊ. हलक्या धनुष्याला मऊ बाण, जड धनुष्याला कडक. उलट केले तर उत्तम नेमाचा बाणही बाजूला जातो आणि मूल स्वतःलाच दोष देत बसते.

नवशिक्याचा बाण त्याच्या ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांब असावा. आखूड बाण मागे ओढला जाऊन हातात घुसू शकतो. बाण फार हलकाही नको. बहुतेक कंपाउंड कंपन्या ओढीच्या प्रत्येक पौंडामागे निदान ५ ग्रेन वजन मागतात. म्हणजे ६० पौंडांना ३०० ग्रेन, सुमारे साडेएकोणीस ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर डझनभर बाण तोलून पाहावेत. एकाच डझनात वजनाचा फरक दिसला तर तो माल परत करावा.

ॲल्युमिनियमचा बाण वाकला तर काचेवर लोळवून कळते. कार्बनचा बाण वाकत नाही, तो आतून चिरतो. प्रत्येक सरावापूर्वी तो हलकेच वाकवून कानाशी धरावा. करकर ऐकू आली तर तो मोडून फेकावा, म्हणजे दुसरा कोणी वापरणार नाही.

शिकारीच्या मालाबाबत

परदेशी मालाच्या यादीत पानोपानी शिकारीची धनुष्ये दिसतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्येच बाणाने हरीण मारण्याचा वेगळा हंगाम ठरवून दिला आणि तेथे हा मोठा धंदा झाला. उलट ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने बाणाने वन्य जनावर मारणे बंद आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही वाढला आहे. तेव्हा पात्याच्या धारदार फाळांचे बाण दुकानात ठेवूच नयेत. सरावाला त्यांचा उपयोग शून्य, ते टार्गेट फाडून टाकतात.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. शिकारीचे कंपाउंड कधी कधी सवलतीत मिळते. ते लांबीला आखूड आणि पुष्कळदा ७० पौंडांचे असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेले धनुष्य स्पर्धेच्या दारातूनच परत येते. हिरव्या-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचा रंग पाहून भुलू नये, पौंड आणि लांबी वाचावी.

कारीगरांसाठी काम

धनुष्याची पाती घरगुती कारखान्यात होणार नाहीत, परंतु बाकी सामान होण्यासारखे आहे. चामड्याच्या कारीगराला बोटांचा टॅब आणि मनगटावरचा आर्मगार्ड सहज जमेल. टॅबचे चामडे गुळगुळीत हवे, दोरी त्यावरून सुटते. शिंप्यांना कमरेचा भाता, धनुष्याची पिशवी आणि छातीवरचा जाळीदार चेस्टगार्ड आहे. मुलींच्या सैल बाह्या आणि ओढणीत दोरी अडकते, त्यासाठी मनगटाशी घट्ट बाही आणि नीट बसणारा चेस्टगार्ड शिवून दिला तर पालक आनंदाने घेतील. डोके झाकून खेळण्यास अडचण नाही. इराणच्या झहरा नेमती यांनी २०१२ आणि २०१६ च्या पॅरालिम्पिकमध्ये तसेच खेळून सुवर्णपदके जिंकली.

दोरी तर आमच्याच खात्यातली. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, टेरिकॉटमध्ये कापसाबरोबर असते तेच. ते थोडे ताणते, म्हणून लाकडी व नवशिक्याच्या धनुष्याला सोसते. डायनिमा जातीचा धागा ताणत नाही, बाणाला वेग देतो, परंतु कंपनीने परवानगी दिलेल्या पात्यांवरच तो लावावा. रिकर्व्हची दोरी धनुष्याच्या लांबीपेक्षा साधारण तीन इंच आखूड बनते. दोन्हींना मेण हवे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे चिंध्यांना तोटा नाही. मजबूत गोणीत चिंध्या ठासून भरल्या की जवळच्या अंतरावरील सरावाचे उत्तम टार्गेट होते. मात्र बटणे, हुक आणि चेन काढून टाकाव्यात, नाहीतर बाणांची टोके खराब होतात. टार्गेटच्या मागे मोकळी भिंत, मातीचा बांध किंवा बाण अडविणारी जाळी असलीच पाहिजे. नमुना क्लबच्या प्रशिक्षकाला दाखवून, त्याच्या सूचनेप्रमाणे दुरुस्त करून मगच माल काढावा.

कच्छमध्ये कमानगर नावाची आपली कारीगर जमात आहे. नावच सांगते की ते कमानी बनवीत. बंदुकीपुढे कमानीचे गिऱ्हाईक संपले तेव्हा त्यांनी हातातील हुन्नर भिंतीवरील चित्रांकडे वळविले आणि कमानगरी चित्रकला नावारूपास आली. गिऱ्हाईक जिकडे जाते तिकडे हुन्नर न्यावे लागते. आज तेच गिऱ्हाईक मैदानावर पुन्हा उभे आहे.

व्यापारी बंधूंनी एवढे करावे. दुकानात टेप, ताणकाटा आणि बारीक तोलाचा काटा ठेवावा. प्रत्येक गिऱ्हाइकाचा जोरदार डोळा, ओढीची लांबी आणि वजन वहीत नोंदवावे. जड धनुष्य मागणाऱ्या बापाला नम्रपणे नाही म्हणावे. त्या दिवशीची विक्री थोडी कमी होईल, पण ते मूल सहा महिन्यांनी पुढची पाती घ्यायला आपल्याच दुकानात येईल.