मेजाचा कर्ता

लोणखेडा हे नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्यानजीकचे गाव. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा पसरल्या असून तेथील अरण्यांत साग वाढतो. या मुलखातील सुतारांनी सागाची दारे, खांब आणि पाट पिढ्यान् पिढ्या घडविले. परंतु त्यांवर आपले नाव कोरण्याची चाल त्यांच्यात नव्हती. तशी गरजही नव्हती. दार कोणी घडविले हे साऱ्या गावाला ठाऊक असे, आणि ते कुरकुरू लागले की त्याच सुताराला बोलावणे जाई.

वस्तू घडविणारा आणि ती वापरणारा एकमेकांना अनोळखी झाले, तेव्हा नावाचा प्रश्न उभा राहिला. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या बंगल्यांत आलेली भोजनाची मेजे हे याचे चांगले उदाहरण होय. त्यांतील काही मेजे लांबविता येत. आपल्याकडे पाहुणे वाढले, तर पंगतीत आणखी चार पाट मांडले की काम भागते. मेजाला मात्र फळी जोडावी लागते. इंग्लंडातील लँकेस्टर येथील रिचर्ड गिलो याने १८०० साली अशा मेजाच्या रचनेचे पेटंट मिळविले. सरकत्या दांड्यांवर मेजाचे दोन भाग दूर ओढावयाचे आणि मधल्या मोकळ्या जागेत जादा फळ्या बसवावयाच्या, अशी ती युक्ती होती.

पुढे त्याच शतकात मेजाखाली लांब लोखंडी मळसूत्र बसवून ते मुठीने फिरविण्याची सोय झाली. येथेच पुष्कळांची फसगत होते. मेजाखाली वाकून पाहावे, तो मळसूत्रावर जोसेफ फिटर, बर्मिंगहॅम अशी अक्षरे दिसतात, आणि कर्ता सापडला या आनंदात शोध थांबतो. वस्तुतः फिटर हा मळसूत्रे करणारा होता. ती विकत घेऊन निरनिराळे कारखानदार आपापल्या मेजांना लावीत. पायांच्या पितळी चाकांवर आढळणारे कोप आणि कॉलिन्सन हे नावही असेच चाके करणाऱ्यांचे आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणारा लोहार काही ती गाडी घडविणारा सुतार नव्हे!

म्हणून नाव वाचल्यावरही लाकडाची साक्ष काढावी लागते. फळीच्या खालच्या अंगावर करवतीच्या सरळ खुणा असतील, तर ती बहुधा हाताने कापलेली असते. खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील, तर ते चक्राकार यंत्रकरवतीचे काम होय. लाकडात बसविलेल्या स्क्रूचे टोक बोथट असेल, तर तो साधारणपणे १८५० पूर्वीचा समजावा. टोकदार स्क्रू त्यानंतर रूढ झाले. अर्थात तुटलेला स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो. जोडफळ्यांच्या कडांवर क्रमांक असतात; ते एकमेकांशी जुळत नसतील, तर एखादी फळी दुसऱ्या मेजाची असण्याचा संभव असतो.

लाकडाच्या जातीचाही विचार करावा. शिसव किंवा साग आढळल्यास मेज या देशात घडले असावे, अशी शंका येते. परंतु एवढ्यावरून निकाल देणे धाडसाचे आहे, कारण आपला साग परदेशीही जात असे. उलट, इंग्रजी घडणीचे सामान मुंबईतही होऊ लागले होते. १८७९ साली मुंबईस आलेल्या एडवर्ड विम्ब्रिज याने येथे अशा सामानाचा धंदा उभारला. घडण विलायतेची, पण रंधा चालविणारा हात इथला, असे मेज समोर आले म्हणजे जाणकारही घोटाळ्यात पडतात.

गिलोंच्या सामानावर, विशेषतः खणांच्या कडेवर, कारखान्याचा शिक्का आढळतो. मात्र काही वस्तूंच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेले आणखी एक नाव सापडले आहे. ते मालकाचे नसून ती वस्तू प्रत्यक्ष घडविणाऱ्या कारागिराचे असते. जुने मेज विकत घेणारा मनुष्य मात्र आधी ते घासून चकचकीत करावयास निघतो. तत्पूर्वी ते उलटे करून, दिवा जवळ धरून, त्याचा कोपरा न् कोपरा पाहणे अवश्य असते. काचकागदाचा एक हात फिरला की ती पुसट अक्षरे कायमची जातात.