थंडीवर दारूचा उतारा

आगमनकाळाचे पहिले दोन आठवडे सरले की आमच्या बेळगाव-खानापूरच्या बाजूला थंडी खऱ्या अर्थाने गावात शिरते. भाताची कापणी आटोपलेली असते, खळ्यावर उडव्या रचलेल्या असतात, आणि राखणीसाठी घरातील कोणीतरी पुरुष रात्री तिकडेच निजावयास जातो. ग्वाल्हेरकडील आमच्या बांधवांची थंडी तर याहूनही कडक. पौष महिन्यात तेथे पारा पाच अंशांच्या खाली उतरणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. हे दिवस नाताळचे, पाहुण्यांचे, रात्री उशिरापर्यंत घरोघर गीते गात फिरण्याचे. याच दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘एवढ्या थंडीत थोडी घेतल्यावाचून भागत नाही.’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा व्यसनी नसतो. तो औषध म्हणून घेत असतो, आणि म्हणूनच या समजुतीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

आमच्या ओळखीच्या एका घरातील गोष्ट सांगतो. घरचे कर्ते गृहस्थ साठीच्या घरातले, कष्टाळू, रविवारची मिस्सा सहसा न चुकविणारे. नाताळच्या दोन दिवस आधी त्यांची खळ्यावर राखणीची पाळी होती. शेजारच्या खळ्यावरील मंडळींनी एक बाटली आणली होती. थंडीसाठी म्हणून सर्वांनीच घेतली. मध्यरात्रीच्या सुमारास यांना इतके गरम वाटू लागले की त्यांनी अंगातील स्वेटर काढून उशाशी ठेवला, घोंगडी बाजूला सारली आणि उघड्यावरच पेंढ्यावर अंग टाकले. पहाटे दव पडले. सकाळी मुलगा चहाची किटली घेऊन आला तेव्हा वडील जागे होते, पण शब्द नीट उच्चारीत नव्हते आणि उठवत नव्हते. अंग कुडकुडत नव्हते. मुलाला वाटले, रात्रीची अजून उतरलेली नाही, निजू द्यावे. तो तसाच माघारी वळणार, एवढ्यात दवाखान्यात काम केलेल्या एक सिस्टर वाटेने चालल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांनी सदऱ्याखाली हात घालून पोटाला लावला. हातपाय गार असणे समजण्यासारखे होते. परंतु पोट दगडासारखे थंडगार लागले. त्या एका स्पर्शाने पुढचे सारे निभावले. गृहस्थांना झोळीत घालून घरात आणले, ओले कपडे उतरवून कोरड्या पांघरुणांत गुंडाळले आणि गाडी करून इस्पितळात नेले. ते वाचले. नाताळची मिस्सा मात्र त्यांना त्या वर्षी इस्पितळाच्या खाटेवरूनच मनाने ऐकावी लागली.

आता हे घडले कसे ते पाहू. आपल्या शरीराच्या आतील भागाचे उष्णतामान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते. बाहेर थंडी पडली की शरीर मोठ्या शहाणपणाने वागते : कातडीखालील बारीक रक्तवाहिन्या आवळून घेते आणि उष्ण रक्त आत, हृदय, फुप्फुसे व मेंदू यांच्याभोवती राखून ठेवते. म्हणून थंडीत बोटे गार पडतात. ही गारठलेली बोटे म्हणजे आतील ठेव सुरक्षित असल्याची खूण होय. मद्य पोटात गेले की याच रक्तवाहिन्या सैल होतात. आत राखलेले उष्ण रक्त कातडीकडे धावते, चेहरा लाल होतो, हातापायांना ऊब वाटते. ही ऊब खोटी नाही. ती खरीच असते. परंतु ती आपल्याच घरातील लाकडे अंगणात नेऊन पेटवावी तशी आहे. अंगण क्षणभर उजळते, आणि घर रिकामे होते.

एवढ्याने भागत नाही. हुडहुडी भरते ती स्नायूंनी स्वतः हालचाल करून उष्णता निर्माण करावी म्हणून. मद्य ती हुडहुडीच मंदावते. शिवाय शरीराला पोटात अन्न नसताना साखर पुरविण्याचे काम यकृत करते. मद्याने त्या कामातही अडथळा येतो, त्यामुळे दिवसभर राबून उपाशीपोटी घेणाऱ्याच्या रक्तातील साखर घसरते आणि शरीराच्या शेगडीत घालावयास सरपणच उरत नाही. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे थंडी वाजते हे सांगणारी जाणीवच बोथट होते. ज्याला थंडी वाजते तो उठून आडोशाला जातो. ज्याला गरम वाटते तो स्वेटर काढतो.

आतील उष्णतामान 35 अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. बोलणे अडखळते, तोल जातो, झापड येते, विचार गोंधळतो. वाचकांनी ही लक्षणे पुन्हा एकदा वाचावीत. दारू चढलेल्या माणसाची लक्षणे यांहून निराळी ती कोणती? म्हणूनच पिणाऱ्याच्या बाबतीत हा विकार ओळखू येत नाही आणि ‘उतरेल आपोआप’ म्हणून माणसे त्याला तसेच सोडून जातात. आणखी एक गोष्ट : यासाठी बर्फच पडावे लागते असे नाही. आठ-दहा अंशांची थंडी, अंगावरचे ओले कपडे आणि वारा एवढी सामग्री वृद्ध किंवा अशक्त माणसाला पुरेशी होते.

येथे कोणी विचारील, मग त्या चित्रातील कुत्र्यांचे काय? गळ्यात ब्रँडीचे लहानसे पिंप अडकवून बर्फातून वाट काढणारा थोराड कुत्रा पुष्कळांनी कॅलेंडरवर पाहिला असेल. त्याची हकीकत आपल्या ख्रिस्तसभेशीच निगडित असल्यामुळे ती थोडी सविस्तर सांगणे आम्हांस आवडेल. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, 2469 मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. रोमला जाणारे यात्रेकरू शतकानुशतके ती ओलांडीत आणि बर्फाच्या वादळात सापडून मरत. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. संत ऑगस्टिनच्या नियमाप्रमाणे राहणाऱ्या तेथील धर्मगुरूंनी पुढे मोठे कुत्रे पाळले. ते बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा वासावरून माग काढीत. त्यांच्यापैकी बॅरी नावाचा कुत्रा 1800 ते 1814 या काळात होऊन गेला. त्याने चाळीसहून अधिक जीव वाचविले असे सांगतात, आणि त्याचा पेंढा भरलेला देह बर्न शहरातील संग्रहालयात अजून ठेवलेला आहे.

परंतु ते ब्रँडीचे पिंप? ते चित्रकाराच्या कुंचल्यातून आले. एडविन लँडसिअर या इंग्रज चित्रकाराने, वयाची विशीही गाठली नव्हती तेव्हा, 1820 साली या कुत्र्यांचे एक चित्र काढले आणि एका कुत्र्याच्या गळ्यात पिंप रंगविले. चित्र गाजले, पिंप चिकटले ते कायमचेच. धर्मशाळेतील कुत्रे अशी पिंपे घेऊन माणसे शोधावयास जात, याला आधार नाही. वाटसरूला आसरा मिळत असे तो भिंतींचा, पांघरुणाचा आणि गरम अन्नाचा. स्वतः गिर्यारोहक असलेले पोप अकरावे पायस यांनी 1923 साली संत बर्नार्डना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. दारूच्या दुकानातील चित्रापेक्षा ही गोष्ट अधिक घरांत माहीत असावयास हवी होती.

ज्यांनी खरी थंडी पाहिली त्यांनी काय केले हे जाणावयाचे असेल तर नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्याकडे पाहावे. 1888 साली त्यांनी पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे बर्फाचे पठार स्कीवरून ओलांडले. रात्री पारा शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास उतरे. त्यांच्या सामानात स्पिरिट होते, पण ते स्टोव्हसाठी. अशा मोहिमांवर मद्य बाळगू नये, असे त्यांचे ठाम मत होते.

लेकुरवाळ्या घरांसाठी एक स्वतंत्र गोष्ट सांगितली पाहिजे. गोव्यात आणि आमच्याकडेही लहान मुलाला सर्दी झाली की छातीला फेणी किंवा ब्रँडी चोळण्याची, क्वचित चमचाभर पाजण्याचीही चाल आहे. आजीच्या मायेविषयी शंका नाही. परंतु चोळलेले मद्य उडून जाताना अंगातील उष्णता घेऊन जाते, आणि तान्ह्या मुलाच्या नाजूक कातडीतून व वाफेतून ते शरीरातही शिरते. पाजलेल्या थोड्याशा मद्यानेही लहान मुलाच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. ही चाल आमच्या पिढीबरोबरच संपलेली बरी.

मद्याचा विषय निघाला की कोणीतरी संत पौलाचा दाखला हटकून देतो. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले आहे, हे खरेच आहे. आणि ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी पाप म्हटलेले नाही, तो तर वेदीवरचा आहे. पण दाखला देणाऱ्याने त्याच तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्रही वाचावे. पौल बंदिवासात आहे, हिवाळा तोंडावर आला आहे. थंडीसाठी तो काय मागतो? त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा घेऊन ये आणि हिवाळ्यापूर्वीच ये, असे तो कळवितो. थंडीचे औषध झगा होय, हे त्या वृद्ध प्रेषिताला पक्के ठाऊक होते.

स्वस्त गावठीचा धोका तर निराळाच. तिच्यात मिथेनॉल मिसळलेले असले तर ऊब दूरच राहिली, डोळे आणि प्राण दोन्ही जातात. ग्वाल्हेरच्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यात 2021 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, अशा विषारी दारूने वीसहून अधिक माणसे दगावली.

मग थंडीत करावे तरी काय? कोरडे कपडे, कानटोपी, पायमोजे, आणि एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक. रात्री बाहेर जाण्यापूर्वी पोटभर जेवण. सोबत आले-गुळाचा गरम चहा. शेकोटी उघड्यावर ठीक. पेटलेल्या कोळशाची शेगडी घेऊन दारे-खिडक्या लावून कधीच निजू नये, तिचा वायू झोपेतच माणसाला नेतो. एखादा गारठून सुस्त झालेला आढळलाच तर त्याला आडोशाला आणावे, हळुवारपणे हलवावे, ओले कपडे काढून डोक्यासह गुंडाळावे, आणि ऊब प्रथम छाती-पोटाला द्यावी. हातपाय रगडू नयेत. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच गोड, गरम पेय द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 क्रमांकाची गाडी बोलवावी. तो प्यालेला असला तर लाज वाटून हे सारे टाळू नये, उलट अधिकच घाई करावी.

वर सांगितलेले ते गृहस्थ आजही राखणीला जातात. आता त्या खळ्यावर एकट्याने न निजता दोघांनी निजण्याचा परिपाठ पडला आहे, आणि पहाटे मुलगा येण्याची वाट न पाहता मध्यरात्रीच घरातून किटली जाते. गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर देवळाच्या व्हरांड्यात बायकांनी मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा केला होता. तो वाढावयास, खांद्यावर तीच घोंगडी टाकून, तेच उभे होते.